दूरचित्रवाणी संचाची निवड : दोन तुल्यबळ संचांमधील फरक कसा ओळखावा?

दूरचित्रवाणी संच विकत घेताना खरी अडचण चांगला आणि सामान्य यांतील निवडीची नसते; ती उद्भवते दोन्ही संच उत्तम असतात तेव्हा. पडद्याचा आकार सारखा, किंमत जवळजवळ सारखी, माहितीपत्रकातील आकडे सारखेच दिपविणारे. मग कोणता घ्यावा? घरगुती ग्राहकाला हा प्रश्न पडतोच, परंतु शाळा, सार्वजनिक वाचनालय किंवा ग्रामपंचायत यांच्या बाबतीत तो अधिक गंभीर होतो. अशा संस्थांचा पैसा लोकवर्गणीतून किंवा अनुदानातून उभा राहतो आणि एकदा घेतलेला संच अनेक वर्षे वापरावा लागतो.

या प्रश्नावर प्लाझ्मा जातीच्या संचांचा इतिहास चांगला प्रकाश टाकतो. या संचांचे उत्पादन आता बंद झाले असल्यामुळे त्यांची तुलना विक्रेत्याच्या आग्रहापासून दूर राहून शांतपणे करता येते.

प्लाझ्मा पडद्याची घडण

प्लाझ्मा पडद्याचा शोध १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लागला. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन हे त्याचे जनक होत. शिक्षकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे हा पडदा करमणुकीसाठी नव्हे, तर संगणकाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या ‘प्लेटो’ या योजनेसाठी तयार करण्यात आला होता. त्यावरील चित्र एकरंगी, नारिंगी असे. घरोघरी पोहोचणारे मोठे रंगीत पडदे १९९० नंतरच्या दशकात आले.

या पडद्यात दोन काचांच्या मध्ये अतिसूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत निऑन व झेनॉन या वायूंचे मिश्रण भरलेले असते. विजेचा दाब दिला की वायूचे आयनीभवन होऊन अतिनील किरण निघतात, आणि ते कप्प्यातील लेपावर पडून लाल, हिरवा किंवा निळा प्रकाश उमटतो. पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० चित्रबिंदू असतील, तर एकूण बिंदू २०,७३,६०० होतात. प्रत्येकास तीन कप्पे, म्हणजे ६२ लाखांहून अधिक कप्पे झाले. यांतील कोणताही कप्पा मंद पेटत नाही. तो एक तर पेटतो किंवा विझतो. अल्पावधीत तो किती वेळा पेटला यावरून डोळ्यास उजेड कमी किंवा अधिक भासतो.

काळा रंग आणि उजेड

प्रत्येक कप्पा स्वतःच प्रकाश देत असल्यामुळे या संचांतील काळा रंग गडद असे. एलसीडी पडद्यामागे दिवे सतत जळत असतात आणि त्यांचा थोडा उजेड अंधाऱ्या चित्रातूनही झिरपतो. तथापि प्लाझ्मातील काळा रंगही संपूर्ण काळा नव्हता. कप्पा क्षणार्धात पेटावा म्हणून त्यास सदैव थोडा चेतवून ठेवावा लागे, आणि त्यामुळे पडद्यावर अत्यंत पुसट प्रकाश राही. हा प्रकाश कमी करण्यात जपानच्या पायोनियर कंपनीने मोठे यश मिळविले. २००७ व २००८ साली आलेल्या तिच्या संचांचे ‘कुरो’ हे नावच काळ्या रंगावरून ठेवले होते.

याउलट अधिक उजेड मिळविण्यासाठी अधिक वीज लागते. पूर्ण पांढरे चित्र आले की लाखो कप्पे एकाच वेळी पेटतात. अशा वेळी विजेचा भार मर्यादेत राहावा म्हणून संच आपोआप उजेड कमी करीत असे. गडद काळा आणि झगझगीत पांढरा या दोहोंचा मेळ घालणे ही प्लाझ्मा तंत्राची कायमची कसोटी होती.

२०१३ मधील दोन संच

या कसोटीस दोन कंपन्यांनी दोन उत्तरे दिली. २०१३ साली पॅनासॉनिकचा ‘व्हीटी ६०’ आणि सॅमसंगचा ‘एफ ८५००’ हे दोन उच्च प्रतीचे संच बाजारात होते. दोहोंत ६० इंची पडदा मिळे आणि दोहोंतील चित्रबिंदूंची संख्याही सारखीच होती. पॅनासॉनिकच्या संचात काळा रंग अधिक गडद होता. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहणाऱ्यास तोच सरस वाटे. सॅमसंगचा संच प्लाझ्मा असूनही विशेष उजळ होता. दिवसाउजेडी खिडक्या उघड्या असलेल्या दिवाणखान्यात त्याचे चित्र फिके पडत नसे.

यांपैकी उत्तम कोणता, या प्रश्नास खोलीवाचून उत्तर नव्हते. अंधाऱ्या खोलीत पहिला आणि उजेडाच्या खोलीत दुसरा, हेच खरे उत्तर होते.

त्याच वर्षी पॅनासॉनिकने ‘झेडटी ६०’ हा आणखी महाग संच काढला. त्यात पुढील काच पडद्यास थेट चिकटविलेली होती. मधली हवेची पोकळी नाहीशी झाल्यामुळे काचेवरील प्रतिबिंब कमी होई आणि उजेडातही काळा रंग टिकून राही. परंतु दिवे मालवले की हा संच आणि ‘व्हीटी ६०’ यांतील अंतर अगदी थोडे उरे. जो ग्राहक रात्री अंधारातच चित्र पाहणार, त्याने दिलेल्या जादा किमतीचा मोबदला त्याच्या डोळ्यांस फारसा मिळत नसे.

दुकानातील चित्र फसवे का असते?

दुकानात चोहोकडे नळीचे दिवे जळत असतात आणि संचांची मांडणी नजरेत भरेल अशा झगमगीत स्थितीत केलेली असते. अशा ठिकाणी सर्वांत उजळ संच सर्वांत चांगला भासतो. प्लाझ्मा संच एलसीडीच्या शेजारी निस्तेज दिसत, आणि त्यांची मागणी घटण्याचे हे एक कारण होते. एलसीडीच्या घसरत्या किमती, विजेचा कमी खप आणि चौपट चित्रबिंदूंचे नवे पडदे ही अन्य कारणे होत. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस आणि सॅमसंग व एलजी यांनी २०१४ साली प्लाझ्मा पडद्यांचे उत्पादन बंद केले. म्हणून आज कोणी जुना प्लाझ्मा संच स्वस्तात देऊ केला, तर चित्र चांगले असले तरी सुटे भाग मिळणे कठीण, हे विसरू नये.

आज निवड करताना

प्लाझ्मा गेला, पण निवडीचा प्रश्न तोच राहिला. आजच्या ऑलेड पडद्यात प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असून काळा रंग जवळजवळ पूर्ण असतो. एलईडी दिव्यांच्या आधारे चालणारे एलसीडी संच सामान्यतः अधिक उजेड देऊ शकतात. दोन तुल्यबळ संचांपैकी एक निवडताना पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. खोली : दुपारी किती उजेड येतो आणि पडद्यासमोर खिडकी आहे काय? शाळेच्या वर्गात व पंचायतीच्या सभागृहात उजेड देणारा आणि कमी प्रतिबिंब दाखविणारा पडदा उपयोगी ठरतो.

२. अंतर : ६० इंची पडदा सुमारे १३३ सेंटिमीटर रुंद व ७५ सेंटिमीटर उंच असतो. १९२० बिंदूंच्या अशा पडद्यावरील बिंदू सुमारे २.४ मीटरपलीकडून निरोगी डोळ्यास वेगळे दिसत नाहीत. त्याहून दूर बसणाऱ्यास चौपट बिंदूंचा लाभ क्वचितच होतो. त्यापेक्षा पडदा मोठा घेणे बरे. शेवटच्या बाकावरून, म्हणजे सुमारे ७ मीटरवरून, वाचता येण्यासाठी अक्षरे साधारणतः साडेतीन सेंटिमीटर उंच असावीत.

३. मांडणी : मुले जमिनीवर बसतात आणि संच उंच फळीवर ठेवला जातो. काही पडद्यांचे चित्र खालून किंवा कडेने पाहताना फिके पडते. म्हणून दुकानात वाकून व कडेला उभे राहूनही चित्र पाहावे.

४. स्थिर चित्र : प्लाझ्मावर एकच चिन्ह दीर्घकाळ राहिल्यास त्याचा डाग उमटे, ऑलेडमध्येही हा धोका आहे. जेथे दिवसभर एकच सूचनाफलक दाखवावयाचा, तेथे एलसीडी अधिक निर्धास्त.

५. वीज : दोन संचांत १५० वॅटचा फरक असेल आणि संच रोज ४ तास चालत असेल, तर वर्षाला सुमारे २१९ युनिट वीज अधिक लागते. हा खर्च किमतीत मिळवूनच तुलना करावी. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन येथे उपयोगी पडते.

६. दुरुस्ती : जवळच्या तालुक्याच्या गावी सेवा मिळते काय, हमी किती वर्षांची आहे आणि पडदा त्यात येतो काय, हे लेखी घ्यावे.

तुलना करताना दोन्ही संच चित्रपटाच्या स्थितीत लावण्यास विक्रेत्यास सांगावे आणि एकच दृश्य दोहोंवर पाहावे. माणसाच्या चेहऱ्याचा रंग, रात्रीच्या प्रसंगातील काळे केस आणि धावता चेंडू या तीन गोष्टींवरून पुष्कळ कळते. माहितीपत्रकातील लाखास एक असे उजेड-अंधाराचे प्रमाण निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या रीतीने मोजतात. म्हणून त्यावर निर्णय सोपवू नये.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग कर्नाटक, आंध्र प्रदेश व मध्य प्रदेश यांसह ६ राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. त्यासाठीचे संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनविले होते. खेड्यात संच पोहोचविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो चालू ठेवणे हेही महत्त्वाचे होते आणि त्यासाठी देखभालीची स्वतंत्र व्यवस्था उभारावी लागली. आजही जो संच आपल्या खोलीत, आपल्या विजेवर आणि आपल्या गावाजवळच्या कारागिराच्या मदतीने वर्षानुवर्षे स्वच्छ चित्र दाखवील, तोच दोहोंतील उत्तम संच होय. खरेदी समितीने दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपली खोली मोजावी, तिच्यातील दुपारचा उजेड पाहावा आणि मगच दरपत्रके मागवावीत.