श्रीलंकेच्या धम्मयात्रेला निघताना

बोधगया, सारनाथ, कुशिनगर ही स्थळे पाहून झाल्यावर आपल्यापैकी अनेक उपासक-उपासिकांना आता श्रीलंकेची ओढ लागली आहे. राजारामपुरी परिसरातील कित्येक कुटुंबे त्यासाठी पैसे बाजूला टाकीत आहेत. कुणी आवर्त ठेव काढली आहे, तर कुणी निवृत्तीच्या फंडातील काही रक्कम राखून ठेवली आहे. आम्ही बँकेत काउंटरवर बसत असल्यामुळे 'किती खर्च येईल?' हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, तिथे जाऊन आपण नेमके काय पाहणार?

ट्रॅव्हल एजंटच्या सात दिवसांच्या छापील पत्रकात बहुधा समुद्रकिनारा, पिन्नावलचे हत्ती, मसाल्याची बाग आणि रत्नांची दुकाने असतात. अनुराधापूर एक तर नसतेच, किंवा दुपारच्या उन्हात दोन तासांत उरकलेले असते. ज्याने आयुष्यभराच्या कष्टातून पैसा जमविला, त्याने रत्नांच्या दुकानात अर्धा दिवस घालवून महाबोधीला धावते दर्शन घ्यावे, हे आम्हाला पटत नाही. पैसे देण्यापूर्वी एजंटकडून रोजचा कार्यक्रम कागदावर लिहून घ्यावा आणि अनुराधापूरला किमान दोन मुक्काम मागावेत. रक्कम चेकने किंवा खात्यातून द्यावी व पावती घ्यावी. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने रोख पैसे दिले; सहल तर झाली नाहीच, पण पैसे दिल्याचा पुरावाही हाती राहिला नाही.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएस नावाची रक्कम वसूल करतो. ती आपल्या पॅनवर जमा होते आणि आयकर विवरणपत्र भरले तर हिशेबात धरली जाते किंवा परत मिळते. आपले अनेक निवृत्त बांधव 'आम्हाला कर लागत नाही' म्हणून विवरणपत्र भरत नाहीत आणि हा पैसा तसाच सोडून देतात. तसे करू नये.

पासपोर्टचे काम सहा-आठ महिने आधी हाती घ्यावे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे, असा प्रकार सर्रास आढळतो. विशेषतः आपल्या आया-बहिणींच्या बाबतीत. आधी ही कागदपत्रे एकसारखी करून घ्यावीत. पासपोर्टवर जसे नाव असेल, अक्षरशः तसेच विमानाच्या तिकिटावर हवे. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी. प्रवेशपरवान्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मात्र त्याचे नियम व शुल्क २०२३ पासून अनेकदा बदलले आहे, म्हणून श्रीलंका सरकारच्याच संकेतस्थळावर पाहावे. तशाच नावाची खाजगी संकेतस्थळे जादा पैसे उकळतात.

पैशांविषयी थोडे. भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंत बरोबर नेता येते. डेबिट कार्डाचा परदेशातील वापर सहसा बंद ठेवलेला असतो, तो निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावा. फेब्रुवारी २०२४ पासून तेथील काही दुकानांत आपले यूपीआयही चालते, पण देवळाबाहेरच्या फुलवालीला रोखच द्यावे लागेल. आपल्या एका रुपयाला तीनाहून थोडे अधिक श्रीलंकन रुपये मिळतात, त्यामुळे जेवणाचे बिल पाहून एकदम दचकू नये.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठून पुढे विमानाने अडीच-तीन तासांत कोलंबो, हा कोल्हापूरकरांना सोपा मार्ग. घड्याळ बदलावे लागत नाही, दोन्हीकडची वेळ एकच आहे. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेस कटुनायके येथे आहे आणि अनुराधापूरही उत्तरेलाच. म्हणून प्रथम कोलंबो शहरात न शिरता तसेच अनुराधापूरला जावे. अर्धा दिवस वाचतो. येताना डंबुल्लाची लेणी पाहून कँडी आणि शेवटी कोलंबो.

ऋतूचा विचार महत्त्वाचा. आपल्या दिवाळीच्या सुटीत तिथे पावसाचे व वादळाचे दिवस असतात. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाने तेथे शेकडो बळी घेतले व डोंगराळ भागातील रेल्वेमार्गांचे मोठे नुकसान केले. म्हणून कँडीची गाडी धरण्यापूर्वी मार्ग चालू असल्याची खात्री करावी. जानेवारीअखेर ते मार्च हा काळ आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो. १३-१४ एप्रिलला सिंहली नववर्षामुळे दुकाने, खाणावळी बंद असतात. अर्थात त्या तारखांना आपल्यापैकी कुणी गाव सोडणार नाही, हा भाग वेगळा! दर पौर्णिमेला, म्हणजे तेथील 'पोया'ला, सार्वजनिक सुटी असते. वैशाख पौर्णिमेला रस्तोरस्ती 'दंसल' म्हणजे मोफत अन्नदानाचे मांडव लागतात. तो सोहळा पाहण्यासारखा खरा, पण मुक्कामाची जागा फार आधी ठरवावी लागते. ज्येष्ठ पौर्णिमेला महेंद्र थेरांच्या आगमनाच्या स्मरणार्थ मिहिंतलेला अफाट गर्दी होते. गुडघेदुखीवाल्यांनी तो दिवस टाळावा. एरवी तेथील १,८४० पायऱ्या पाहून खचून जाऊ नये, वाहन बऱ्याच वरपर्यंत जाते.

अनुराधापूरचा श्रीमहाबोधी म्हणजे संघमित्रा थेरींनी इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात बोधगयेहून नेलेल्या फांदीचा वृक्ष. जवळच रुवनवेलिसाय हा पांढराशुभ्र महास्तूप आहे. दोन्हीकडे सकाळी सहा-साडेसहालाच पोहोचावे. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अकरानंतर फरशी व वाळू इतकी तापते की म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. पांढरे मोजे बरोबर ठेवावेत. पिशव्या तपासतात, त्याचा राग मानू नये. याच वृक्षाच्या परिसरात १९८५ साली आणि कँडीच्या दंतविहारावर १९९८ साली हल्ले झाले होते. पुरातत्त्व विभागाची तिकिटे परदेशी माणसाला डॉलरच्या हिशेबाने पडतात, परंतु सार्क देशांच्या पासपोर्टवर अनेक ठिकाणी निम्मी सवलत मिळते. म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवून येऊ नये.

आता तरुण मंडळींसाठी. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे हा तेथे मोठा अनादर समजला जातो. मूर्तीचे चुंबन घेतानाच्या छायाचित्रांवरून २०१२ साली फ्रेंच पर्यटकांना न्यायालयाने शिक्षा सुनावली होती. दंडावर बुद्धाचे चित्र गोंदलेल्या एका ब्रिटिश महिलेला २०१४ साली विमानतळावरूनच अडकवून परत पाठविण्यात आले. पुढे तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देवविली, पण सहल गेली ती गेलीच. आपल्या मुलांच्या हातांवर श्रद्धेने गोंदलेले बुद्ध असतात. त्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि बुद्धाचे चित्र छापलेले टी-शर्ट घरीच ठेवावेत. पांढरे कपडे सर्वांत उत्तम. फुले दोन्ही हातांनी वाहावीत, त्यांचा वास घेऊ नये. भन्तेजींना भोजनदान करायचे असल्यास दुपारी बाराच्या आत करावे. भाषेची भीती बाळगू नये. त्रिसरण-पंचशील तेथेही पालीतच म्हणतात. उच्चार थोडे निराळे, इतकेच. सिंहलीत गावाला 'गम' आणि पुस्तकाला 'पोत' म्हणतात, हे ऐकून आपली पोथी आठवते.

जेवणात भात, नारळ आणि मिरची सढळ असल्याने कोल्हापूरकर उपाशी राहत नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र नीट विचारून घ्यावे. खोबऱ्याच्या 'पोल सांबोल' चटणीत व कित्येक भाज्यांत सुक्या माशाचा चुरा असतो. बंद बाटलीतले पाणी किंवा पिवळ्या नारळाचे पाणी प्यावे. डेंग्यू असल्यामुळे डासांचे मलम हवे. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, विमानात देण्याच्या सामानात नकोत.

कँडीची उंची जवळपास कोल्हापूरएवढीच, त्यामुळे तेथे जिवाला बरे वाटते. दंतधातू प्रत्यक्ष दिसत नाही, करंडक तेवढा दिसतो. तोही पूजेच्या वेळी, रांगेत पुढे सरकता सरकता. याच कँडीत मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब आले होते. तेथील लोकांचे विधी आणि त्यांच्यात धम्म कितपत जिवंत आहे, हे त्यांना पाहायचे होते. आपणही पूजेच्या वेळी तासभर एका बाजूला बसून तेथील आया-बहिणी फुलांची ताटे घेऊन कशा येतात, मुलांना कसे शिकवितात, हे पाहावे. दलाली घेणारा मार्गदर्शक घाई करील. त्याला थांबायला सांगावे.

परत येताना बोधिवृक्षाचे रोप आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. परवान्याशिवाय रोपे भारतात आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. जुनी मूर्ती किंवा पोथी कुणी विकू लागला तर घेऊ नये, पुरातन वस्तू बाहेर नेण्यास तेथील सरकारची परवानगी लागते. दुकानातून नवी मूर्ती घेतल्यास पावती जपून ठेवावी.