एका शिवीची वंशावळ

शाळेत असताना आमच्या एका मास्तरांनी वर्गातल्या मुलाला दरडावून विचारले, 'कुणाची औलाद रे तू?' वर्ग हसला. मीही हसलो. त्याच्या आईचे लग्न झालेले नव्हते, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. तो मान खाली घालून उभा राहिला. अरबीत 'औलाद' म्हणजे नुसती 'मुले', हे मला फार पुढे कळले.

परवा जुन्या स्कॉट्स भाषेचा कोश चाळताना हे आठवले. १७०० सालापर्यंतचे शब्द टिपणारा हा बारा खंडांचा कोश १९३१ पासून छापला जात होता, तो २००२ साली पुरा झाला. त्यात 'गेट' भेटला. हे गेट म्हणजे फाटक नव्हे! जन्म देणे या अर्थाच्या क्रियापदाचे ते अपत्य. आधी अर्थ साधाच होता : संतती. मग त्याला कुत्सित वास येऊ लागला : कुणाचे तरी पोर, अनौरस पोर.

१५०० च्या सुमारास, चौथ्या जेम्स राजाच्या काळात, विल्यम डनबार आणि वॉल्टर केनेडी या कवींनी एकमेकांना पद्यात शिव्या घालण्याचा सामना रंगवला. 'फ्लायटिंग' म्हणत त्याला. आपला कलगी-तुरा आठवावा, फक्त इथे अध्यात्माचे नाव नाही. त्या शिव्यांत 'गेट' आहेच.

दरबारात तो खेळ होता. खेड्यात नव्हता. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर लग्नाबाहेर मूल झालेल्या बाईला चर्चमध्ये साऱ्या गावादेखत पश्चात्तापाच्या चौरंगावर बसवीत. पुरुषालाही बसवीत, सापडला तर. दोघांची शिक्षा कधीतरी संपे. पोराचे नाव मात्र चिकटलेलेच राही.

पुढे इंग्लंडात या शब्दाचा 'गिट' झाला. लिव्हरपूलकरांनी जुना उच्चार राखला. १९६८ साली जॉन लेननने बीटल्सच्या एका गाण्यात, सिगारेट ओढता ओढता, तो थेट सर वॉल्टर रॅले यांना बहाल केला. आता त्याचा अर्थ 'मूर्ख, तापदायक माणूस' एवढाच. त्यातले पोर कुणाला आठवत नाही.

कायद्याला मात्र आठवत होते. 'अनौरस' हा दर्जा स्कॉटलंडने रद्द केला तो २००६ च्या कुटुंबविषयक कायद्याने.

आमचे मास्तर हजेरी घेताना सगळ्यांची आडनावे पुकारीत, त्याचे नुसते नाव. दिवाळीच्या सुटीनंतर ते पुकारावे लागले नाही.