परिषदेला कार्यशाळा सुचवायची म्हणजे काय?



आमच्या वसतिगृहाचे संगणक-शिक्षक एका परिषदेसाठी प्रस्ताव लिहीत आहेत, हे समजल्यापासून मंडळीतील अनेकांनी मला विचारले की हा प्रस्ताव कोणाला द्यायचा आणि कशासाठी? काहींना वाटले की हा अनुदानाचा अर्ज आहे. तसे नाही. हा शिकवण्याची संधी मागणारा अर्ज आहे, आणि शिकवायचे आहे ते मुलांना नव्हे, तर शिक्षकांना.

संगणक कसा शिकवावा, याच विषयावर परिषदा भरतात. एसीएम ही संगणकशास्त्रज्ञांची संस्था अमेरिकेत १९४७ साली स्थापन झाली. तिच्या शिक्षणविषयक गटाची मोठी वार्षिक परिषद १९७० पासून भरत आली आहे. भारतातही एसीएमची शाखा ‘कॉम्प्यूट’ नावाची परिषद भरवते. तिथे प्राध्यापक संशोधनाचे निबंध वाचतात, पण त्याखेरीज कार्यशाळांसाठीही वेळ राखलेला असतो. निबंधात आपण काय शोधले ते सांगायचे असते. कार्यशाळेत समोरच्यांच्या हातून काम करवून घ्यायचे असते. ट्युटोरियल या दोहोंच्या मधले: शिकवणारा बोलतो अधिक, पण ऐकणारा काही कौशल्य घेऊन उठतो. आमच्यासारख्यांना कार्यशाळाच योग्य. आमच्याजवळ आकडेवारी नाही, पण पत्र्याच्या छपराखाली वीज नसताना संगणक शिकवण्याचा अनुभव भरपूर आहे.

वीज नसताना संगणक कसा शिकवता येतो, याचे उत्तर न्यूझीलंडमधून आले. टिम बेल, इयान विटन व माइक फेलोज या तिघांनी १९९० च्या दशकात ‘सीएस अनप्लग्ड’ नावाचे खेळ तयार केले. त्यातला एक असा. पाच मुले ओळीत उभी करायची. प्रत्येकाच्या हाती एक कार्ड, आणि कार्डांवर डावीकडून १६, ८, ४, २ आणि १ असे ठिपके. कार्ड पुढे वळवले तर ठिपके दिसतात, मागे वळवले तर दिसत नाहीत. आता १९ दाखवा म्हटले की १६, २ आणि १ वाली मुले कार्ड पुढे करतात. दिसते तिथे १ आणि झाकले तिथे ० लिहिले, की १००११ तयार! संगणकाच्या पोटातली भाषा ती हीच. पाच कार्डांत ० ते ३१ सगळे आकडे बसतात, म्हणून प्रत्येक मूल आपल्या जन्मदिवसाची तारीख दाखवू शकते. दुसऱ्या खेळात अंगणात खडूने जाळे आखायचे. सहा मुले हाती एकेक आकडा घेऊन त्यातून चालतात. जिथे दोघे भेटतात तिथे लहान आकडेवाला डावीकडे जातो, मोठा उजवीकडे. पलीकडे पोहोचेपर्यंत सगळे क्रमाने लागलेले असतात. मुलांना हा खेळ इतका आवडतो की जेवणाची घंटा वाजली तरी अंगण सोडत नाहीत.

आता प्रस्तावाविषयी. तो दोन-तीन पानांचा असतो आणि परिषदेच्या कित्येक महिने आधी द्यावा लागतो. तो वाचणारे परीक्षक स्वतः शिकवणारे असतात. त्यांना जाणून घ्यायचे असते की कार्यशाळा कोणासाठी आहे, किती जण बसतील, कोणत्या मिनिटाला काय चालेल, कोणते साहित्य लागेल, आणि येणारा शिक्षक आपल्या शाळेत परतल्यावर काय करू शकेल. निबंध तपासताना बहुधा लेखकाचे नाव झाकतात. कार्यशाळेत मात्र ते सहसा झाकत नाहीत, कारण कोण शिकवणार आहे हेही पाहायचे असते.

माझ्या मते मिनिटांचा आराखडा हा प्रस्तावाचा कणा. माझ्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याचा प्रस्ताव नाकारला गेला, कारण त्यात आदिवासी शिक्षणाच्या गरजेवर दोन पाने होती आणि कार्यशाळेत माणसे काय करणार यावर चार ओळी. गरज खरी होती, पण परीक्षकांना तास भरायचे असतात. आमच्या मसुद्यात कार्डांच्या खेळाला चाळीस मिनिटे आहेत, आणि त्यातली वीस फक्त या प्रश्नासाठी ठेवली आहेत की घरी वारली बोलणाऱ्या मुलाला हे प्रमाण मराठीत समजावताना कुठे अडते. हा भाग आमच्या शिक्षकांखेरीज दुसरा कोणी घेऊ शकणार नाही. साहित्याच्या रकान्यात आम्ही पुठ्ठा, खडू आणि मोकळी फरशी एवढेच लिहिले आहे.

दोन गोष्टींवर आमच्यात वाद झाला. पहिली, पुढे नाव कोणाचे? शहरातील एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी साथ देऊ केली आहे, आणि त्यांचे नाव वर आले तर वजन पडेल असे काहींचे म्हणणे होते. मी त्याला तयार झालो नाही. वर्गात रोज उभा राहतो त्याचे नाव पहिले असावे. इंग्रजीची अडचण आहे खरी, पण प्राध्यापक शेजारी उभे राहून ती सांभाळतील. दुसरी गोष्ट छायाचित्रांची. मुलांचे चेहरे पडद्यावर दाखवायचे नाहीत, असे ठरले आहे. पालकांनी वसतिगृहाच्या अर्जावर अंगठा दिला तो मुलाच्या शिक्षणासाठी; परक्या सभागृहात त्याचा फोटो लावायला नव्हे. आणि हो, पहिल्या पानावर वारली चित्रही नको. ते लावल्याने कार्यशाळा वारली मुलांची होत नाही.

प्रस्ताव स्वीकारला जाईलच असे नाही. नाकारला गेला तरी परीक्षकांचे शेरे सहसा हाती येतात, आणि त्यांवरून पुढच्या वर्षी नवा मसुदा करता येतो. प्रवासखर्च व नोंदणी-शुल्क यांचा विचार होकार आल्यावर करू, म्हणून या अंकात त्यासाठी देणगी मागत नाही. मात्र आपल्या मंडळीत कोणी शाळा-महाविद्यालयात संगणक शिकवीत असेल तर त्यांनी हा मसुदा परीक्षकाच्या नजरेने एकदा वाचावा आणि समासात खुणा करून परत द्यावा. छापील प्रती वसतिगृहाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत.