पदवी घ्यायचीच, पण कोणत्या विषयाची?

मुलं शाळेत रुळली, घर जरा स्थिरस्थावर झालं, की आपल्यापैकी पुष्कळ जणींना राहून गेलेलं शिक्षण आठवू लागतं. कुणी बारावी होताच बोहल्यावर चढलेली असते, कुणी घरच्या अडचणीपायी कॉलेज सोडून दुकानात कामाला लागलेली असते. हाताशी लहानशी नोकरी असते, चार पैसेही मिळत असतात. पण बढतीची किंवा कायम होण्याची वेळ आली की प्रश्न येतो, "बाई, तुम्ही ग्रॅज्युएट आहात का?" तिथे गाडी अडते. मग चौकशा सुरू होतात आणि हमखास एक सल्ला मिळतो, "अहो, बी.ए. करून टाका. सोपं असतं. पदवी ती पदवी!"

मैत्रिणींनो, हा सल्ला निम्मा खरा आहे. उरलेल्या निम्म्यापायीच तीन वर्षं आणि साठवलेले पैसे वाया जायची भीती असते.

खरा कसा, ते आधी पाहू. बँकेतल्या कारकुनाच्या आणि अधिकाऱ्याच्या परीक्षांना किंवा आपल्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. पण तिथे विषयापेक्षा वय आडवं येतं. सरकारी बँकांमध्ये खुल्या गटाला कारकुनासाठी २८ आणि अधिकाऱ्यासाठी ३० वर्षांची मर्यादा असते, राज्यसेवेला ३८ वर्षांची. राखीव गटांना सवलत आहे. विधवा, घटस्फोटित आणि कायद्याने विभक्त झालेल्या, पुनर्विवाह न केलेल्या स्त्रियांना बँकेच्या कारकुनीसाठी खुल्या गटातही ३५ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. ही गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊकच नसते, म्हणून मुद्दाम सांगितली. आता बोटांवर हिशेब करा. आज तुम्ही तेहेतीस वर्षांच्या असाल, तर पदवी हाती येईपर्यंत छत्तीस होतील. खुल्या गटातून बँकेचं दार तर केव्हाच बंद झालेलं असेल, आणि राज्यसेवेला उरतील जेमतेम दोन वर्षं. म्हणजे पहिला प्रश्न "विषय कोणता?" हा नाहीच. "पदवी मिळेल त्या दिवशी माझं वय काय असेल आणि कोणतं दार उघडं असेल?" हा आहे.

आता सल्ल्याची दुसरी बाजू. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे शिक्षिका होऊ पाहणाऱ्या पुष्कळ जणी माझ्याकडे चौकशीला येतात. बालवर्गाला शिकवणाऱ्या एका बाईंनी गाइड पातळ दिसलं म्हणून समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं. मार्कही चांगले पडले. पण माध्यमिक शाळांच्या जाहिराती विषय लिहूनच येतात. इंग्रजीसाठी बी.ए. बी.एड., गणित-विज्ञानासाठी बी.एस्सी. बी.एड. अशा. शाळेच्या वेळापत्रकात समाजशास्त्राचा तास कुठे असतो? विषय वाईट नव्हता हो, पण त्यांना जिथे जायचं होतं तिथली ती वाट नव्हती. शिक्षिका व्हायचं असेल तर मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल असा शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला हवा. बी.एड.ला प्रवेशासाठी खुल्या गटाला पदवीला निदान ५० टक्के लागतात, तेव्हा "पास झाले की पुरे" हा विचार इथे कामाचा नाही. शिवाय २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आहे आणि तिथे हजेरी लावावी लागते. पहिली ते आठवीला शिकवायचं तर शिक्षक पात्रता परीक्षाही आहेच. पदवीची तीन वर्षं आणि ही दोन, असा पाच वर्षांचा हिशेब धरूनच पाऊल टाका.

दुसरं उदाहरण दवाखान्यात किंवा जिममध्ये काम करणाऱ्या मैत्रिणींचं. त्यांना आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशक व्हावंसं वाटतं, आणि घरबसल्या पोषणशास्त्र किंवा मानसशास्त्र शिकावं असा बेत असतो. इथे सावध राहा. मानसशास्त्र, आहार व पोषणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान हे विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मनाई केली आहे. कुणी जुनं माहितीपत्रक दाखवून नव्या प्रवेशाचे पैसे मागू लागलं, तर पर्स उघडू नका. हे विषय शिकायचे असतील तर रोज कॉलेजात जायची तयारी हवी.

तिसरी मैत्रीण दुकानात किंवा सनदी लेखापालाच्या कार्यालयात हिशेब लिहिते. २०१७ साली जी.एस.टी. आला, तेव्हापासून त्याची विवरणपत्रं भरायला ती शिकली आहे. काम पदवीधराचं करते, पगार मात्र मदतनिसाचा घेते. तिने बी.ए.च्या वाटेला जाऊच नये. तिच्यासाठी बी.कॉम.च. दिवसा जे करते तेच रात्री पुस्तकात वाचायचं, म्हणजे निम्मा अभ्यास कामावरच होतो. पुढे सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षाही पदवीनंतर देता येते. गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या हिशेबाच्या कामात या परीक्षेला मान आहे.

तात्पर्य काय, तर हातातल्या कामाला जो विषय जोडता येईल, तो आधी बघावा. दहा वर्षांचा अनुभव हे आपलं भांडवल आहे. ते बाजूला ठेवून नव्याने श्रीगणेशा करायचा, तर त्याला तसंच सबळ कारण हवं.

"मग आवडीला काही किंमतच नाही का?" असं तुम्ही विचाराल. आहे तर! रात्री दहाला ओटा आवरून पुस्तक उघडायचं, तर विषयाची गोडी हवीच, नाहीतर दुसऱ्या पानावर डोळे मिटतात. पण क्रम असा ठेवा: हवं ते दार उघडणारे दोन-तीन विषय आधी काढा, आणि त्यांतून आवडीचा निवडा. निव्वळ आनंदासाठी शिकायचं असेल, तर मग कुणाचंही ऐकू नका, खुशाल संस्कृत घ्या! फक्त नोकरीची आशा त्यावर बांधू नका.

आता प्रवेश घेण्यापूर्वीच्या चार गोष्टी.

एक, वही घ्या. महिनाभर वर्तमानपत्रांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या जाहिराती वाचा. आपल्याला हवी त्या जागेला कोणती पदवी, कोणता विषय, किती टक्के आणि किती वय मागितलं आहे ते टिपून ठेवा.

दोन, सध्या नोकरी असेल तर साहेबांना सरळ विचारा, "ही पदवी घेतली तर माझ्या बढतीला धरली जाईल का?" जमलं तर लेखी घ्या.

तीन, विद्यापीठाची मान्यता तपासा. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्यासारख्यांसाठीच काम करत आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे, तेव्हा कमीपणा मानायचं कारण नाही. मात्र निवडलेल्या विषयाला या वर्षी मान्यता आहे की नाही, ते आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. "एका वर्षात पदवी" असं म्हणणाऱ्या क्लासच्या पायरीलाही उभं राहू नका. पदवीला साधारणपणे तीन वर्षं लागतात.

चार, घरात आधी बोला. परीक्षा नेमकी दिवाळीच्या किंवा मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर आली, तर स्वयंपाक कोण बघेल, सासूबाईंची औषधं कोण देईल, हे फी भरण्यापूर्वी ठरलेलं बरं. आणि मध्येच खंड पडला, तरी रडत बसू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे एक वर्ष पूर्ण केलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका मिळण्याची सोय झाली आहे, आणि मिळवलेली श्रेयांकं जमा राहतात. तुमच्या अभ्यासक्रमाला ही सोय लागू आहे का, एवढं प्रवेशाच्या वेळी विचारून घ्या.

लग्नाचा शालू घेताना आपण दहा दुकानं पालथी घालतो, पदर उलगडून बघतो, उजेडात नेऊन रंग पारखतो. पदवी तर त्याहून कितीतरी जास्त दिवस वापरायची आहे. तिच्यासाठी एक महिना चौकशीत घालवलात, तर तो वाया गेला असं कुणी म्हणणार नाही.