वाकड्या गल्ल्यांची भूमिती

जुन्या शहराचा नकाशा प्रथमच पाहणाऱ्याच्या मनात बहुधा एकच शब्द उमटतो : अव्यवस्था. रस्ते वाकडे, गल्ल्या मध्येच संपणाऱ्या, घरांच्या कडा एका ओळीत नाहीत. शाळेत आपण शिकतो ती भूमिती सरळ रेषेची, चौकोनाची आणि वर्तुळाची. तिच्या कसोटीवर असे गाव नापास ठरते. आणि एकदा नापास ठरले की ते पाडून सरळ करावे, अशी भाषा सुरू होते. पण कसोटीच अपुरी असेल तर? गेल्या अर्धशतकात उदयास आलेल्या एका निराळ्या भूमितीने हा प्रश्न हाती घेतला आहे.

तिचा परिचय समुद्रकिनाऱ्यापासून करून घेणे सोयीचे. ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, असा साधा दिसणारा प्रश्न बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६७ साली विचारला. शंभर किलोमीटरच्या पट्टीने किनारा मोजला तर लहान खाड्या निसटून जातात. एक किलोमीटरच्या पट्टीने मोजला तर त्या हिशेबात येतात आणि लांबी वाढते. पट्टी जसजशी लहान करावी तसतशी लांबी वाढतच जाते. तेव्हा लांबी किती, यापेक्षा ती कोणत्या प्रमाणात वाढते, हे पाहणे अधिक अर्थपूर्ण. अंशात पूर्णाची छाया दिसणाऱ्या अशा खडबडीत आकृत्यांना मँडेलब्रॉट यांनी १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. ‘भंगलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते घेतले आहे.

आता हीच दृष्टी गावाकडे वळवू. गावाच्या नकाशावर सारख्या चौकटींची जाळी आखावी आणि ज्या चौकटींत घरे येतात तेवढ्या मोजाव्या. मग प्रत्येक चौकटीची बाजू निम्मी करून पुन्हा मोजणी करावी. एका सरळ रस्त्याकाठी रांगेने वसलेले गाव असेल, तर चौकटींची संख्या दुप्पट होईल; त्याची मिती १. तसूभरही जागा न सोडता भरलेली वस्ती असेल, तर संख्या चौपट होईल. तिची मिती २. खरे गाव या दोहोंच्या मध्ये असते. त्यात मैदान असते, चौक असतो, परसू असते, बोळ असतो. चौकट लहान झाली की या मोकळ्या जागा एकेक करून उघड्या पडतात. समजा, संख्या सव्वातीन पट झाली, तर मिती सुमारे १.७ येते. पुढच्या प्रत्येक टप्प्यावरही जवळजवळ हाच पट मिळत राहिला, तर त्या वेड्यावाकड्या वस्तीत एक सुसंगत रचना आहे असे म्हणावयाचे.

मायकेल बॅटी आणि पॉल लाँगली या इंग्रज अभ्यासकांनी १९९४ साली ‘फ्रॅक्टल सिटीज’ हा ग्रंथ लिहून अशा मापनांचा विस्तृत ऊहापोह केला. त्यांच्या गणिताप्रमाणे लंडनची मिती १८२० साली सुमारे १.३ होती, १९६२ च्या सुमारास ती १.८ च्या जवळ पोहोचली. शहर बाहेर पसरत असतानाच आतील रित्या जागाही भरत गेल्या, हे त्या दोन आकड्यांवरून कळते.

कोणा एकाने न आखलेल्या वस्तीत ही सुसंगती येते कोठून? अहमदाबादची किंवा बडोद्याची पोळ आठवावी. हमरस्त्यावरून दरवाजातून आत गेले की गल्ली लागते, गल्लीला फाटे फुटतात, फाट्याच्या टोकाशी मोजकी घरे, आणि घराच्या आत पुन्हा चौक. प्रत्येक पायरीवर वर्दळ कमी होते आणि सावली व शेजार वाढतो. शेजाऱ्याची वाट न अडवता आपले दार थोडे आडोशाला ठेवावे, हा साधा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. नियम लहान, त्याच्या पुनरावृत्तीतून मोठी रचना सिद्ध झाली.

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाला हे मर्म आकड्यांवाचून जाणवले होते. १९१६ साली बडोद्याविषयी आणि १९१८ साली इंदूर दरबारासाठी त्यांनी नगररचनेचे अहवाल लिहिले. दाट वस्तीतून सरसकट रुंद रस्ता कापण्यास त्यांचा विरोध होता. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावी, तेथे लहान चौक मोकळे करावे, झाडे लावावी, गल्लीची वीण शाबूत राहावी, अशी त्यांची पद्धत. जीव राखून शस्त्रक्रिया करावी, तशी ती होती.

अर्थात मिती म्हणजे निवाडा नव्हे. गटार तुंबले आहे की वाहते आहे, घरात उजेड येतो की नाही, आगीचा बंब आत शिरू शकेल की नाही, हे तो आकडा सांगत नाही. भिन्न स्वरूपाच्या दोन वस्त्यांची मिती सारखीही येऊ शकते. म्हणून जुनी गल्ली सर्वस्वी निर्दोष आहे असा दावा या भूमितीच्या नावावर करू नये. तिचा उपयोग मर्यादित, पण मोलाचा आहे. रस्तारुंदीची रेषा ओढण्यापूर्वी आणि ओढल्यानंतर त्याच नकाशावर चौकटी मोजून पाहिल्या, तर कोणत्या मापाच्या मोकळ्या जागा पुसल्या जाणार आहेत हे आधीच दिसते. एक आलेख कागद, पेन्सिल आणि आपल्या पेठेचा नकाशा एवढ्या साहित्यावर शाळेतील मुलांनाही ही मोजणी करता येईल. पाडलेले घर पुन्हा बांधता येते. शंभर वर्षांत विणली गेलेली गल्ली बांधून देणारा गवंडी मात्र मिळत नाही.