हिरव्या पट्ट्याचा कौल

वीकएण्डला अलिबागला जाताना पेणजवळ आपण 'काय हिरवंगार आहे!' म्हणतो आणि पुढे सटकतो. मला मात्र तिथे २१ सप्टेंबर २००८ आठवतो. महामुंबई एसईझेडसाठी जमीन द्यायची का, हे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांना प्रशासनाने चक्क मतदान घेऊन विचारलं. कौल आला, नाही! धरणाचं पाणी मिळालं तर भातानंतर दुसरं पीक निघतं, हा साधा हिशेब. तो एसईझेड उभाच राहिला नाही.

इंडस्ट्री नकोच असं नाही, बॉस; माझं ऑफिसही एकेकाळच्या शेतातच आहे. पण नकाशातला हिरवा रंग म्हणजे रिकामी जागा नव्हे. झोन बदलण्याआधी हरकती-सूचना मागवतात. फ्लॅट घेताना पार्किंग बघतो, तशी ती नोटीसही वाचूया ना!