अल्बा बर्लिन : एका संघाची जडणघडण
(द्वितीय वर्ष, कला)

१० सप्टेंबर २०२३ रोजी फिलिपाईन्समधील मनिला शहरात जर्मनीने सर्बियाचा ८३–७७ असा पराभव केला आणि बास्केटबॉलचे जागतिक अजिंक्यपद प्रथमच पटकावले. जर्मनी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना फुटबॉल आठवतो. मलाही तोच आठवत असे. मी तेव्हा बारावीत होतो. आमच्या शाळेच्या मैदानात गंजलेल्या कड्याची, जाळी नसलेली एक बास्केट होती. तिच्यात चेंडू टाकता टाकता या खेळाची गोडी लागली, एवढाच माझा या विषयातला अधिकार. तो सामना मी मित्राच्या मोबाईलवर पाहिला आणि मनात प्रश्न आला, हे खेळाडू घडले तरी कोठे?

विजयी संघातील एकेका नावाचा माग काढू लागलो, तेव्हा बऱ्याच वाटा बर्लिन शहरातल्या एकाच दारापाशी येऊन थांबल्या. फ्रान्झ वाग्नर आणि मोरिट्झ वाग्नर हे सख्खे भाऊ तेथेच लहानाचे मोठे झाले. नील्स गिफाय हाही तेथलाच. माओडो लो आणि योहानेस थीमान हे काही वर्षे त्याच संघाकडून खेळलेले. त्या संघाचे नाव ‘अल्बा बर्लिन’. त्याची माहिती मिळवताना मला जे समजले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. ‘अल्बा’ हे कोणा देवतेचे, वीराचे किंवा नदीचे नाव नाही. अल्बा ही बर्लिनची एक कंपनी आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा धंदा म्हणजे शहराचा कचरा उचलणे आणि त्यातून पुन्हा वापरता येण्याजोगा माल वेगळा काढणे. पश्चिम बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातील एक बास्केटबॉल संघ पैशाच्या आधाराच्या शोधात होता. १९९१ मध्ये या कंपनीने त्याला हात दिला आणि संघाने कंपनीचे नाव घेतले. नावातील ध्वनिसाम्यावरून लोक खेळाडूंना ‘अल्बाट्रॉस’ म्हणू लागले. अल्बाट्रॉस हा समुद्रावर दूरदूर उडणारा, लांब पंखांचा पक्षी. म्हणजे नाव कचरा उचलणाऱ्याचे आणि चिन्ह आकाशात उडणाऱ्याचे! हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. त्याचे कारण पुढे सांगणार आहे.

१९९१ हे साल ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि ऑक्टोबर १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले. अठ्ठावीस वर्षे दुभंगलेले शहर एक तर झाले, पण दोन्हीकडच्या लोकांना ‘आपले’ म्हणावे असे फारसे काही नव्हते. अशा वेळी हा संघ उभा राहिला. सुरुवातीला तो पश्चिमेकडील सभागृहांत खेळत असे. पुढे मॅक्स श्मेलिंग या प्रसिद्ध मुष्टियोद्ध्याच्या नावाचे क्रीडागृह १९९६ च्या अखेरीस खुले झाले आणि संघ तेथे गेला. हे क्रीडागृह पूर्वीच्या पूर्व बर्लिनमध्ये, भिंत जेथून जात होती त्या पट्ट्याला लागूनच आहे. २००८ पासून संघ ज्या सुमारे साडेचौदा हजार आसनांच्या भव्य सभागृहात खेळतो, तेही पूर्वेकडेच आहे. पश्चिमेत जन्मलेला संघ पूर्वेत घर करून राहिला. शहरे करारावर सह्या करून एक होतात, माणसे एकत्र आरडाओरडा करून एक होतात, असे मला हे वाचताना वाटले.

आता संघाच्या पराक्रमाकडे वळू. १९९३ च्या उन्हाळ्यात म्युनिक येथे जर्मनीने रशियाला अवघ्या एका गुणाने, ७१–७० असे हरवून युरोपचे अजिंक्यपद जिंकले होते. त्या संघाचे प्रशिक्षक होते स्वेतिस्लाव पेशिच. युगोस्लाव्हियात जन्मलेले हे गृहस्थ त्याच वर्षी अल्बाचे प्रशिक्षक झाले आणि २००० पर्यंत राहिले. युरोप जिंकणाऱ्या संघातला हेन्रिक रॉड्ल हाही त्यांच्याबरोबर आला. रॉड्लने त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडून तेथील विद्यापीठांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली होती. तो २००४ पर्यंत, म्हणजे तब्बल अकरा वर्षे अल्बाकडून खेळला. फार उड्या मारणारा किंवा गुणांचा पाऊस पाडणारा तो नव्हता. समोरच्याला अडवावे, चेंडू योग्य हाती द्यावा, हे त्याचे काम. पुढे तो अल्बाचा आणि नंतर जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचाही प्रशिक्षक झाला.

१९९५ साली अल्बाने ‘कोराच चषक’ जिंकला. राडिवोय कोराच हा युगोस्लाव्हियाचा थोर खेळाडू १९६९ मध्ये मोटार अपघातात वारला, त्याच्या स्मरणार्थ ही युरोपीय क्लबांची स्पर्धा भरत असे. अंतिम फेरीत दोन सामने असत, एक आपल्या गावी व एक प्रतिस्पर्ध्याच्या गावी, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज करून विजेता ठरे. मिलानच्या संघाशी इटलीत झालेला पहिला सामना ८७–८७ असा बरोबरीत सुटला. बेरीज धरायची असल्याने तेथे जादा वेळ खेळवला गेला नाही. बर्लिनमधील दुसरा सामना अल्बाने ८५–७९ असा जिंकला. कोणत्याही जर्मन बास्केटबॉल क्लबने युरोपीय चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या संघातील दोन नावे मला विशेष वाटतात. साशा ओब्रादोविच हा सर्बियाचा आणि तेओमान अलिबेगोविच हा बोस्नियात जन्मलेला. १९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात भीषण युद्ध चालू होते. गावेच्या गावे उद्ध्वस्त होत होती. त्याच वर्षांत हे दोघे एकाच रंगाचा गणवेश घालून एकमेकांना चेंडू देत होते. खेळाने युद्ध थांबत नाही हे खरे आहे. पण युद्ध चालू असतानाही माणसे एकत्र काम करू शकतात, एवढे तरी त्यातून दिसते. लागोसमध्ये जन्मलेला आणि बर्लिनमध्ये वाढलेला अडेमोला ओकुलाजा हा तरुणही त्या वेळी संघात होता. तोही पुढे नॉर्थ कॅरोलिनाला शिकायला गेला आणि जर्मनीचा नामवंत खेळाडू झाला. २०२२ मध्ये त्याचे अकाली निधन झाले.

जर्मनीतील सर्वोच्च स्पर्धेला ‘बुंडेसलिगा’ म्हणतात. १९९० ते १९९६ अशी सलग सात वर्षे ती लेव्हरकुझेनच्या संघाने जिंकली होती. १९९७ मध्ये अल्बाने ही मालिका तोडली आणि स्वतः २००३ पर्यंत सलग सात वेळा विजेतेपद मिळवले. या काळातील हुकमी खेळाडू म्हणजे अमेरिकेहून आलेला वेंडेल अलेक्सिस. १९९६ ते २००२ अशी सहा वर्षे तो बर्लिनमध्ये राहिला. पेशिच गेल्यावर त्यांचे सहायक एमिर मुतापचिच यांनी धुरा सांभाळली, तरी जिंकण्याचा क्रम तुटला नाही.

पण मित्रहो, विजयाची यादी वाचून कोणाला फार काही शिकता येत नाही. मला या संघाचा खरा परिचय झाला तो पराभवाच्या वर्षांत. २००८ मध्ये अल्बाने आठवे विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर थेट २०२० पर्यंत ते पुन्हा हाती लागले नाही. मध्यंतरी ऑक्टोबर २०१४ मध्ये एक चमत्कार घडला. अमेरिकेचा त्या वर्षीचा विजेता सॅन अँटोनियो स्पर्स हा संघ बर्लिनला मैत्रीपूर्ण सामन्यासाठी आला असता जमेल मॅक्लीनने अगदी अखेरच्या क्षणी चेंडू टाकून अल्बाला ९४–९३ असा विजय मिळवून दिला. परंतु घरच्या स्पर्धेत म्युनिक आणि बाम्बेर्गचे संघ पुढे निघून गेले होते.

२०१७ मध्ये अल्बाने एक नवल वाटावे असा निर्णय घेतला. आइतो गार्सिया रेनेसेस या स्पेनच्या सत्तरीतल्या प्रशिक्षकाला बोलावले. आपल्याकडे या वयात माणसाला निरोपाचा नारळ देतात. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये स्पेनला रौप्यपदक मिळवून देणारे हे गृहस्थ तरुण मुलांना मोठ्या सामन्यात बेधडक उतरवण्यासाठी प्रसिद्ध होते. निकाल काय लागला? २०१८ मध्ये संघ जर्मन चषकाच्या आणि बुंडेसलिगाच्या अंतिम फेरीत हरला. २०१९ मध्ये जर्मन चषक, युरोचषक आणि बुंडेसलिगा अशा तिन्ही अंतिम फेऱ्यांत हरला. त्यातला चषकाचा सामना तर ८२–८३ असा एका गुणाने गेला. दोन वर्षांत पाच अंतिम फेऱ्या आणि पाचही पराभव! दुसऱ्या एखाद्या ठिकाणी प्रशिक्षकाला केव्हाच घरी पाठवले असते. अल्बाने त्यांना ठेवले. फेब्रुवारी २०२० मध्ये संघाने चषक जिंकला. त्याच जूनमध्ये, कोरोनाच्या साथीमुळे प्रेक्षकांविना म्युनिकमध्ये भरवलेल्या स्पर्धेत एकही सामना न हरता बुंडेसलिगाही जिंकली. नंतर २०२१ आणि २०२२ ही वर्षेही अल्बाचीच ठरली. एकूण विजेतेपदे अकरा झाली.

हा धीर कोठून आला असेल याचा विचार करता मला असे वाटते की, या संघाने आपले यश फक्त चषकांत मोजले नाही. २००६ पासून अल्बाचे प्रशिक्षक बर्लिनच्या शाळांमध्ये जाऊन मुलांना खेळ शिकवतात. पुढे ते बालवाड्यांपर्यंत पोहोचले. ज्या वस्त्यांत आईबापांना मुलांना खेळाच्या क्लबात पाठवणे जमत नाही, तेथे क्लबच मुलांकडे जातो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अल्बाने इंटरनेटवर घरबसल्या ‘रोजचा व्यायामाचा तास’ सुरू केला. बालवाडी, प्राथमिक आणि माध्यमिक अशा तीन वयोगटांसाठी वेगवेगळे तास होते आणि लाखो मुलांनी ते पाहिले. मुलींकडेही त्यांनी तितकेच लक्ष दिले. अल्बाचा महिला संघ २०२२ मध्ये पहिल्या श्रेणीत चढला आणि २०२४ मध्ये जर्मनीचा विजेता झाला.

फ्रान्झ वाग्नर सतराव्या-अठराव्या वर्षी अल्बाच्या मोठ्या संघात खेळू लागला तो याच वातावरणातून. पुढे तो अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेला आणि २०२१ मध्ये तेथील व्यावसायिक संघांच्या निवडीत आठव्या क्रमांकावर निवडला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये रिगा येथे तुर्कस्तानला ८८–८३ असे हरवून जर्मनीने युरोपचे अजिंक्यपद मिळवले, त्यातही तो होता.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. घडवलेली मुले टिकवून धरण्याएवढा पैसा अल्बाकडे नाही. चांगला खेळाडू झाला की अमेरिका किंवा श्रीमंत क्लब त्याला नेतात. युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेत, युरोलीगमध्ये, अल्बाला अलीकडे तळाशी राहावे लागले आणि २०२५ मध्ये संघ त्या स्पर्धेतून बाहेर पडून दुसऱ्या युरोपीय स्पर्धेत गेला. कोणी याला माघार म्हणेल. पण मुले घडवण्याचे काम त्यामुळे थांबले नाही. शेत पिकवणाऱ्याने बाजारभाव पडला म्हणून पेरणी सोडू नये, तशातलाच हा प्रकार आहे.

आता सुरुवातीला राहिलेले सांगतो. माझे वडील नगरपरिषदेच्या घंटागाडीवर काम करतात. पहाटे पाचला घराबाहेर पडतात आणि गावातल्या अर्ध्या गल्ल्यांतला कचरा उचलतात. त्यांच्याच कमाईवर मी शिकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गेल्या वर्षी प्रवेशाच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी नुसते ‘नोकरी’ असे लिहिले. खोटे लिहिले नाही, पण खरे लिहायचे टाळले. वर्गातल्या काही मुलांसमोर गाडी गेटवरून गेली की मी पाठ फिरवून उभा राहत असे. अप्पांना ते दिसले असणारच. ते काही बोलले नाहीत.

आणि येथे एका मोठ्या शहरात हजारो माणसे कचरा उचलणाऱ्या कंपनीचे नाव छातीवर मिरवतात! ती कंपनी धनाढ्य आहे आणि आमचे अप्पा रोजंदारीतून कायम झालेले कामगार आहेत, हा फरक मला कळतो. तरीही काम तेच. दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री जेवताना मी त्यांना या संघाची सगळी हकीकत सांगितली. पाच पराभवांची गोष्ट त्यांनी लक्ष देऊन ऐकली. मग विचारले, “आन् त्या लोकांच्या गाडीला घंटी असती का रं?”

मी म्हणालो, “ते नाही माहीत अप्पा. पण नाव मात्र मोठ्या अक्षरात असतं.”

“मग ते बरंय,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

यंदाच्या अर्जात त्या रकान्यात मी ‘सफाई कामगार, नगरपरिषद’ असे लिहिले आहे.